निळ्या फडक्यातला वाटा

अलमाटी,
डिसेंबरचा दुसरा शुक्रवार

ती. वहिनी,

कुंदाचा नमस्कार. (हा नमस्कार दादाच्या पत्नीला आहे. तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसून माझी भूमिती उतरवणाऱ्या चारूला मी नमस्कार घालायचं काही कारण नाही. पण तुम्ही दोघी एकाच अंगात राहता, तेव्हा थोडासा तिलाही पोचेल.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? आणि डावा? मागच्या पत्रात तू फक्त उजव्याबद्दल लिहिलंस, तेव्हापासून मला डाव्याची काळजी लागली आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतेस की आठवण झाली की घेतेस? अंगणातल्या संत्र्याला यंदा फळ धरलं का? दादा गेल्यापासून दोन वर्षं त्या झाडाला कुणी रागावलेलं नसेल, त्यामुळे धरलंही नसेल.

आम्ही सगळे बरे आहोत. टोलेगेनचे, म्हणजे तुमच्या जावईबापूंचे, दोन दात गेले, पण जेवणावर परिणाम नाही. आमच्या दाउरेनचं लग्न ठरलं हे तुला फोनवर सांगितलंच होतं. छत्तीस वर्षांचा घोडा झाला (या शब्दाकडे आपण पुन्हा येणार आहोत) आणि आता कुठे त्याला एक मुलगी पसंत पडली, आणि त्याहून नवल म्हणजे तिलाही तो पडला. आयसुलू तिचं नाव. नकाशे काढते, कमी बोलते, हसताना तोंडावर हात धरते. तिची आई कुल्पाशबाई, म्हणजे माझी होणारी विहीण, इथल्या ऑपेराच्या पोशाखघरात तीस वर्षं प्रमुख होती. समोरून तुम्ही येत असाल तर आधी तिला तुमच्या कोटाची शिवण दिसते, मग तुम्ही दिसता. येत्या रविवारी मी जाऊन आयसुलूच्या कानात कुडी घालायची, की झालं. मग मुलगी आपली. रविवारपर्यंत मात्र काहीही होऊ शकतं, आणि या मंगळवारी ते जवळजवळ झालं. माझ्या हातून झालं. तेच सांगायला बसले आहे.

(यापुढचा भाग जेवताना वाचू नकोस.) इथे हिवाळ्यासाठी घोडा कापतात हे तुला मी पहिल्याच वर्षी कळवलं होतं आणि त्यावर तू चार महिने पत्र लिहिलं नव्हतंस. घरचा घोडा कापला की तो नुसता खायचा नसतो, वाटायचा असतो. आणि त्यात वजन कुणी बघत नाही, हाड बघतात. कंबरेचं हाड सगळ्यात मानाचं. ते व्याह्यांकडे जातं. छातीचं जावयाला. मान अमक्याला, पाठीचा मणका तमक्याला. जो लांब आहे, येऊ शकला नाही, त्याचाही वाटा बाजूला काढून थंडीभर बाल्कनीत ठेवतात, तो त्याचाच. वसंतात बर्फ वितळेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. या सगळ्यात पुढच्या पायाची एक नळी असते, ती लग्नाच्या मुलीच्या घरी कधी म्हणजे कधी पाठवत नाहीत. ती खाल्ली की मुलगी बिनलग्नाची म्हातारी होते असं मानतात. मी मुलांची डॉक्टर, मी असलं काही मानत नाही. पण मी मानत नाही हे विहीणबाईंना कोण सांगणार?

आता एक कबुली, जी मी या घरात कुणालाही दिलेली नव्हती. त्रेचाळीस वर्षं मी या घरात सून आहे, मांस शिजवते, खाते, पाहुण्यांना वाढते. पण त्याच्याकडे बघत नाही. ज्या घरात अंडंसुद्धा मागच्या गॅलरीत वेगळ्या चुलीवर शिजायचं आणि मग ती चूल धुतली जायची, त्या घरातून मी आले. हात करतात, डोळे खिडकीबाहेर असतात. सासूबाई होत्या तोवर त्या कुठलं काय ते ताटात लावून द्यायच्या. त्या गेल्यावर टोलेगेन लावतो. गोठलेलं असताना कुठलं हाड कुठलं हे मला आजही ओळखता येत नाही, आणि टोलेगेनचा पुतण्या सगळे तुकडे एका मापाचे करतो, मोठ्या-लहानावरून भांडणं नकोत म्हणून. म्हणून मी माझी युक्ती करते: वेगवेगळी फडकी. यंदा विहीणबाईंचं मानाचं हाड निळ्या फडक्यात बांधलं होतं. चौकड्याच्या फडक्यात ती नळी, टोलेगेनच्या थोरल्या भावासाठी. (त्यांचं वय एक्याऐंशी. त्यांना आणखी म्हातारं होण्याची भीती नाही.)

मंगळवारी सकाळी टोलेगेन मला न उठवता विहीणबाईंकडे वाटा पोचवून आला, आणि तिथून परस्पर बागेत बुद्धिबळाला गेला. फोन नेहमीप्रमाणे घरी, साखरेच्या डब्यावर. मी चहा करून बाल्कनीचं दार उघडलं, तर निळं गाठोडं जागेवर. चौकड्याचं नाही.

शाळेत सिस्टर बेनिग्ना शुद्धलेखनाच्या वहीवर लाल रेघ ओढायची, तशी एक रेघ समोर दिसली. फोन करून सांगावं? काय सांगावं? चुकून तुमच्या मुलीचं वाटोळं व्हावं अशी नळी पाठवली आहे, परत द्या? व्याह्यांच्या घरी गेलेला वाटा परत मागणं हे त्या नळीपेक्षाही वाईट. एकच मार्ग होता. त्यांच्या नकळत जाऊन बदलून यायचं. आणि कुल्पाशबाई संध्याकाळी आयसुलू कामावरून आली की पातेलं चढवणार, हे त्यांनीच आदल्या दिवशी सांगितलेलं.

निळं गाठोडं जड. माझी पाठ कशी आहे ते तुला माहीत आहे. मग मी माळ्यावरून दाउरेनची लहानपणची घसरगाडी काढली. (तीस वर्षं ती मी नातवंडासाठी ठेवली आहे. पहिला प्रवासी घोडा असेल असं वाटलं नव्हतं.) त्यावर गाठोडं, गाठोड्यावर मोठी बाजाराची पिशवी आणि वरून टोलेगेनचा जुना कोट असं बांधलं, आणि निघाले.

बाहेर उणे चौदा होतं, आणि इतकं सुंदर, की मी इतक्या घाईतही दारात एक मिनिट थांबले. रात्रभर बर्फ पडून थांबलेला, ऊन निघालेलं, रस्त्यावरच्या ओकांच्या फांद्यांवर हातभर पांढरं. पिवळ्या भिंतींचे खांब, खिडक्यांवरची चुन्याची पानंफुलं, सगळ्यांनी टोप्या घातलेल्या. याच फुटपाथवरून सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, डॉक्टरकी शिकायला आल्यानंतरच्या पहिल्या थंडीत, एका भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याने मला बर्फावरून चालायला शिकवलं. मी त्याला सांगितलं होतं की डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला आम्हाला सिस्टरांनी शिकवलं आहे, तेव्हा मला कुणी चालायला शिकवू नये. आणि लगेच पडले होते. टोलेगेन मला उचलायला वाकला, पण हसला नाही. हसला असता तर मी त्याच्याशी लग्न केलं नसतं. असो. घसरगाडीच्या विषयावर येते.

आमचं शहर डोंगराकडून खाली उतरतं. विहीणबाईंचं घर खाली, सहा चौक. म्हणजे जाताना गाडी ओढायची नसते, थांबवायची असते. पहिल्या चौकापर्यंत मी तिला थांबवलं. दुसऱ्या चौकात तिने मला ओढलं. कोपऱ्यावरच्या घराच्या छतावरून हिमाचे सुळे लटकत होते, म्हणून फुटपाथवर फीत बांधलेली. ती चुकवायला मी कडेला सरकले आणि गाडी रस्त्याकडेच्या पाटात गेली. बर्फाखाली पाट कुठे सुरू होतो हे इथे जन्मलेल्यांनाही कळत नाही. गाडी पाटात उभी, गाठोडं बर्फात उलटं, टोलेगेनचा कोट हात पसरून पडलेला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूसच पडला आहे.

लांबून बघणारी होतीच. आदा ल्वोव्ना, वय चौऱ्याऐंशी, आमच्या शेजारच्या जिन्यात राहते, आणि तिची लांबलचक, बुटकी कुत्री टोस्का, लाल स्वेटरमध्ये. आदा ल्वोव्नाने आधी कोटाला विचारलं की लागलं का, मग मला. मला ती कुंदा वसंतोव्ना म्हणते. (इथे नावाला वडिलांचं नाव जोडतात. नाना इथे कधी आले नाहीत, पण त्यांच्या वसंतचं असं झालं.) तिच्यापुढे खोटं बोलता येत नाही, कारण कमी ऐकू येत असल्याने ती सगळं दोनदा विचारते आणि दुसऱ्यांदा माणूस खरं सांगून जातो. मी सांगितलं. तिने अगदी शांतपणे ऐकलं, टोस्काला गाठोड्यावरून उठवलं, आणि म्हणाली, मीही येते, मला दुपारपर्यंत काही काम नाही.

वहिनी, तू कधी एका घाईच्या कामाला चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईबरोबर गेली आहेस का? आमच्या या भागात दर दुसऱ्या घरावर संगमरवराची पाटी आहे, इथे अमुक शास्त्रज्ञ राहत, इथे तमुक गायिका. आदा ल्वोव्ना प्रत्येक पाटीपाशी थांबते. तिला पाटीवरचं काही वाचायचं नसतं, तिला पाटीवर नसलेलं सांगायचं असतं. हा जो शास्त्रज्ञ, त्याने एकसष्ट साली आमची शिडी नेली आणि चौऱ्याहत्तर साली वारला, शिडी आली नाही. ही गायिका थंडीत खिडकी उघडी टाकून रियाज करायची, सगळा जिना सर्दीने आजारी. या शिल्पकाराने बायकोचा पुतळा केला, तो बायको सोडून सगळ्यांना आवडला. मी दोरी धरून उभी, मनात पातेलं उकळतंय, टोस्का पुन्हा गाठोड्यावर बसलेली, आणि समोर तो सगळा रस्ता ऊन पडून इतका देखणा झालेला, की अशा रस्त्यावरून माणसं एकमेकांच्या हातात हात घालून जातात, हाडं घेऊन जात नाहीत.

चौथ्या चौकात मी तिला म्हटलं, जरा भरभर चालू या, माझ्या मुलाच्या लग्नाचा प्रश्न आहे. ती थांबली (हेच नको होतं), माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं झाली, कुंदा वसंतोव्ना. अजून तुम्हाला वाटतं तुमची परीक्षाच चालली आहे. परीक्षक कधीच मेले."

मी म्हटलं, एक जिवंत आहेत. दोन चौक खाली राहतात.

आणि सहाव्या चौकात खरोखरच विहीणबाई समोर होत्या. अंगणात ताज्या बर्फावर गालिचा उलटा पसरून त्याला बडवत होत्या. सगळं अंगण पांढरंशुभ्र, मधोमध गालिच्याच्या मापाचे तीन करडे चौकोन, आणि चौथ्यावर त्या, डोक्याला रुमाल, हातात वेताची बडवणी. मला बघून त्यांनी बडवणं थांबवलं नाही. चार फटके मोजून पूर्ण केले आणि मग म्हणाल्या, या. मी गाठोडं पिशवीत घातलं, घसरगाडी आदा ल्वोव्नाच्या हाती दिली आणि त्यांच्यामागून तीन मजले चढले. पिशवीत काय, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारण्याची त्यांची एक पद्धत आहे, तिच्यापुढे विचारणारी माणसं बरी वाटतात.

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी म्हटलं, बाल्कनीतून जरा डोंगर बघते.

"डोंगर त्या बाजूला आहेत, विहीणबाई," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मी म्हटलं, मग अंगण बघते. आणि पिशवी घेऊन बाहेर गेले. (अंगण बघायला माणूस पिशवी घेऊन जात नाही, हे मला दार लागल्यावर सुचलं.) चौकड्याचं गाठोडं तिथेच होतं, फळीवर, पहिल्या जागी, मानाच्या जागी. बघून गलबलून आलं. सोडून बघायची सोय नव्हती, स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या. आणि सोडून मला कळणार तरी काय होतं? निळं तिथे ठेवलं, चौकड्याचं पिशवीत टाकलं. फडकं वेगळं आहे, पण फडक्याकडे कोण बघतं, असं मनाशी म्हटलं. तीस वर्षं फक्त कापड बघत आलेल्या बाईच्या घरात उभी राहून मी हे म्हटलं.

मग चहा झाला. दुधाचा, आपल्यासारखा. त्यांनी तळलेले कणकेचे गोळे आणि मुरंबा ठेवला, माझ्या कोटाच्या दुसऱ्या बटणाकडे बघितलं, मुलांविषयी काही बोललो. मी पंधरा मिनिटांत उठले आणि मागच्या दाराने, म्हणजे दुसऱ्या जिन्याने, निघाले, इतका मला विजय झाल्यासारखा वाटत होता. घसरगाडी आणि आदा ल्वोव्ना पुढच्या अंगणात आहेत हे मला घरी पोचल्यावर आठवलं. (ती तासभर थांबली, मग गाडी तिथेच दाराला टेकवून गेली. माझ्याशी अजून बोलत नाही.)

टोलेगेन संध्याकाळी परतला. मी त्याला काही म्हटलं नाही, फक्त चौकड्याचं गाठोडं टेबलावर त्याच्यापुढे ठेवलं, कोर्टात पुरावा ठेवतात तसं. त्याने ते हीटरपाशी नेऊन सैल केलं, उघडलं, आणि हाड उलटंपालटं करून बघितलं.

"कुंदा," तो म्हणाला, "हे कंबरेचंच आहे. हे इथे कसं आलं?"

झालं होतं ते असं. सकाळी निघताना त्याने निळ्या फडक्याला पडलेलं भोक बघितलं. बोट जाईल एवढं. विहीणबाईंची नजर त्याला माहीत. म्हणून या माणसाने त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा घरकामात स्वतःचं डोकं चालवलं आणि फडकी बदलली. मानाचं हाड चांगल्या फडक्यात नेलं, नळी भोकाच्या फडक्यात घरी ठेवली. म्हणजे वाटा बरोबर गेला होता. तो मी स्वतः, सहा चौक, पाटातून काढून, कुत्री उठवून, विहिणीच्या बाल्कनीत शिरून, माझ्या या हातांनी बदलून आले होते.

त्या संध्याकाळी आम्ही फोनकडे बघत बसलो. टोलेगेनने तीन वेळा चहा घेतला. दाउरेन आला, आईचं तोंड बघून न विचारता खोलीत गेला. मी त्याला सांगू शकले असते. छत्तीस वर्षं थांबलेल्या पोराला काय सांगायचं, की तुझ्या आईला अजून हाड ओळखता येत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार वाजलं. कुल्पाशबाई. मागे जिन्यात घसरगाडी, ती त्यांनी सहा चौक चढ ओढत आणली होती. आत आल्या, बूट काढले, आणि हातातलं निळं फडकं टेबलावर ठेवलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, चार घड्यांत.

"नळी मी कालच शिजवली," त्या म्हणाल्या. "आयसुलू यायच्या आत. एकटीने खाल्ली. आमच्या घरात म्हातारं व्हायचं काम मी केव्हाच उरकलं आहे, पोरीला त्रास कशाला?"

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, व्याही सकाळी देऊन गेले तेव्हाच मी सोडून बघितलं होतं, काय आलंय ते. मग तुम्ही अंगण बघायला गेलात. तुम्ही गेल्यावर फळीवर निळं. आधी मला राग आला. मग मी ते भोक बघितलं, आणि मनात आलं, जिला अपमान करायचा असतो ती बाई फडकं तरी धड घेते.

मग मी सगळं सांगितलं. बघत नाही, ओळखता येत नाही, सगळं. आदा ल्वोव्नाला सांगितलं नव्हतं तेसुद्धा. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा कोट खुंटीवरून काढून मला दिला, स्वतःचा घातला, आणि मला आमच्याच बाल्कनीत नेलं. म्हणाल्या, डोळे उघडे ठेवा. एकेक गाठोडं सोडून, हातमोजे काढून, माझं बोट धरून त्यांनी ते हाडावरून फिरवलं: हे रुंद, हे गोल, इथे खड्डा म्हणजे कंबर, इथे सरळ म्हणजे नळी. शाळेत कर्सिव्हची अक्षरं गिरवून घेत तसं. सहासष्टाव्या वर्षी, उणे बारामध्ये, मी पहिल्यांदा नीट बघितलं. फार काही भयंकर नव्हतं, चारू. हाडंच होती.

माझी अक्कल या पत्रात पुरती उघडी पडली, तेव्हा आता थांबते. तुझ्या डाव्या गुडघ्याला सांभाळ. संत्र्याच्या झाडाला माझ्या वतीने एकदा रागाव. टोलेगेन, दाउरेन यांचा नमस्कार.

तुझी नणंद (आणि भूमितीत तुझ्यापेक्षा चार गुण जास्त असलेली),
कुंदा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून हेही कळवते. रविवारी कुड्या घातल्या. पहिली घालायला मला इतका वेळ लागला, की दुसरी कुडी आयसुलूने स्वतःच ओढून घेतली आणि तोंडावर हात धरून हसली. लग्न मेमध्ये.

ता. क. २. खरं म्हणजे ज्यासाठी लिहायला बसले ते राहूनच गेलं. कुल्पाशबाई आपला कंबरेचा वाटा घेऊन निघताना भिंतीवरच्या फोटोपाशी थांबल्या, नागपुरातला, माझ्या लग्नानंतरचा, त्यात तू माझ्या मागे उभी आहेस. फोटो काळा-पांढरा, तरी त्यांनी नाक लावून तुझ्या साडीचे काठ बघितले आणि विचारलं, हे दातेरी काठ विणलेले आहेत की शिवलेले? मी म्हटलं, विणलेले, करवतकाठी म्हणतात. त्यांचा विश्वास बसला नाही. लग्नात वरमाईने विहिणीला मानाचं वस्त्र द्यायचं असतं. ती साडी तुझ्याकडे अजून आहे हे मला माहीत आहे, नाही म्हणू नकोस. पण टपालाने पाठवू नकोस. टपालावर माझा भरवसा नाही. कुणीतरी हातात घेऊन यायला हवं, आणि वरमाईच्या बाजूने एक थोरली बाईही लागतेच.

ता. क. ३. त्या दिवशी बाल्कनीत खालच्या फळीवर त्यांना एक बरणी दिसली. हे कुणाचं, म्हणाल्या. सफरचंदाचा मुरंबा आहे तो, इथल्या मोठ्या लाल सफरचंदांचा. आधी तुझ्या नि दादाच्या नावाचा, आता तुझ्या एकटीच्या. त्रेचाळीस हिवाळे काढून ठेवते. मार्चमध्ये बर्फ गेला की मीच खाते आणि तुला कळवत नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग ती येत का नाही?" यंदा मी तो खाणार नाही.

ता. क. ४. निळ्या फडक्याचं भोक विहीणबाईंनी रफू केलं आहे. मी आणि टोलेगेनने भिंग घेऊन खिडकीत दोनदा शोधलं, सापडत नाही. येताना तुझा चांगला चष्मा आण.